चित्तप्रसाद : चिंता, शीण आणि त्रिविध उपचार

॥ श्री ॥

पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत श्रींच्या दर्शनासाठी येणारा प्रत्येक भाविक काही ना काही घेऊन येतो. कुणाच्या हाती नारळ असतो, कुणाच्या हाती हार, कुणी माउली खणानारळाची ओटी घेऊन येते. परंतु बहुतेकांजवळ आणखी एक वस्तू असते आणि ती कोणत्याही तबकात दिसत नाही. ती म्हणजे मनावरचे ओझे. पावसाने पाठ फिरवलेले शेत, मुलीचे ठरत नसलेले लग्न, मुलाची नोकरी, वृद्ध वडिलांचे आजारपण, कर्जाचा हप्ता. कारणे निरनिराळी, पण रात्री डोळ्याला डोळा न लागणे सर्वांचे सारखेच. चिंतेच्या पाठोपाठ शीण येतो. सकाळी उठतानाच अंग मोडून आल्यासारखे वाटते, कामात लक्ष लागत नाही, लहानशा शब्दाने मन दुखावते, छातीत धडधड होते. अशा वेळी मनुष्य देवाकडे धाव घेतो, हे स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. मात्र देवाच्या दारी आल्यावर नेमके काय मागावे आणि येथून परतताना घरी काय न्यावे, याचा विचार आपल्या ऋषिमुनींनी आणि संतांनी फार बारकाईने केला आहे. तो येथे भाविकांसमोर ठेवला आहे.

रणांगणावरील विषाद

चिंतेने व्याकूळ होणे हे दुबळ्या मनाचे लक्षण आहे, अशी अनेकांची समजूत असते. त्यामुळे मनुष्य आपली व्यथा घरातही बोलत नाही. परंतु श्रीमद्‌भगवद्‌गीतेचा आरंभच मुळी एका महावीराच्या विषादाने होतो. पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्याची गात्रे शिथिल झाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, शरीराला कंप सुटला आहे, अंगावर रोमांच उभे राहिले आहेत, त्वचेचा दाह होत आहे, गांडीव हातातून निसटत आहे, उभे राहवत नाही आणि मन जणू भोवंडत आहे. आजच्या काळात तीव्र चिंतेने ग्रासलेला मनुष्य वैद्यांना जी लक्षणे सांगतो, त्यांतील कितीतरी येथे आली आहेत. ज्याच्या बाणाची कीर्ती त्रैलोक्यात होती, त्याची ही अवस्था झाली. मग संसारी मनुष्याने आपल्या व्यथेची लाज का बाळगावी?

या प्रसंगातील खरे मर्म पुढे आहे. अर्जुन रथातून उतरून पळून गेला नाही आणि काही झालेच नाही असा आवही त्याने आणला नाही. आपल्याला काय करावे ते कळत नाही, हे त्याने भगवंतांजवळ कबूल केले आणि शिष्य होऊन मार्ग विचारला. भगवंतांनीही त्याला अंगारा लावून घरी पाठवले नाही. त्यांनी अठरा अध्याय त्याच्याशी संवाद केला, त्याच्या शंका ऐकल्या, ज्ञान, कर्म आणि भक्ती यांचे विवरण केले आणि अखेरीस सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्यावरच सोपवला. मोकळेपणाने बोलणे, जाणत्याला शरण जाणे आणि समजून उमजून कृती करणे, या तीन पायऱ्यांनी अर्जुनाचा विषाद ओसरला. म्हणूनच त्या अध्यायाला अर्जुनविषादयोग असे नाव आहे. विषादही योग्य वाट मिळाली तर योग होतो.

चरकाचार्यांचे त्रिविध औषध

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय प्रत्येक गृहस्थाने समजून घ्यावा असा आहे. मनुष्याने तीन इच्छा धराव्यात, असे तेथे प्रतिपादन केले आहे : प्राणाची, धनाची आणि परलोकाची. यांत पहिला मान प्राणाला दिला आहे, कारण प्राण गेला तर सर्वच गेले. त्याच अध्यायात औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, नियम, उपवास, नमस्कार, पुण्यस्थळी जाणे हे दैवव्यपाश्रय औषध. योग्य आहार आणि औषधद्रव्ये यांची विचारपूर्वक योजना हे युक्तिव्यपाश्रय औषध. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे सत्त्वावजय औषध.

आचार्यांनी ही तिन्ही औषधे एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी सांगितली आहेत. एक घेतले की दुसरे सोडावे, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. नवस बोलला म्हणून वैद्य नको, किंवा वैद्य केला म्हणून देव नको, हा वाद आपल्या शास्त्राचा नव्हे. बेलाच्या पानाला तीन दले असतात. एक दल तुटलेले पान भाविक पिंडीवर वाहत नाही. मग स्वतःच्या आरोग्याच्या बाबतीत त्याने एकाच दलावर समाधान का मानावे?

पहिले दल : नाम आणि श्वास

भगवान पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताचे नऊ विक्षेप सांगितले आहेत. त्या यादीत पहिलाच शब्द व्याधी हा आहे. पुढे मरगळ, संशय, आळस, अस्थिरता इत्यादी येतात. या विक्षेपांचे सोबतीही त्यांनी सांगितले : दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाचा बिघडलेला क्रम. मन बिघडले की श्वास बिघडतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. म्हणून उपाय सांगताना श्वास सावकाश बाहेर सोडण्याचा आणि आवरण्याचा अभ्यासही त्यांनी सांगितला.

या प्राचीन निरीक्षणाकडे आधुनिक काळात प्रयोगशाळेतूनही पाहिले गेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांच्या साहाय्याने तपासण्याचे कार्य आरंभिले. २००१ साली इटलीतील संशोधकांचा एक प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी २३ निरोगी प्रौढांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक योगमंत्र असे दोन्ही म्हणवून घेतले. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी परस्परांशी जुळून आल्या. विश्रांतीच्या वेळी प्रौढ मनुष्याचा श्वास मिनिटाला साधारणतः बारा ते वीस वेळा चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे यातील अर्थ कळतो. प्रयोग लहान होता आणि निरोगी माणसांवर होता. त्यावरून जप हा रोगावरचा उतारा आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु संथ लयीत घेतलेले नाम श्वासालाही संथ करते, ही आजीची जपमाळ सांगत आलेली गोष्ट त्यातून पुन्हा दिसली.

यासाठी फार मोठे साधन लागत नाही. सकाळी आणि निजण्यापूर्वी दहा मिनिटे पाठ सरळ ठेवून बसावे. श्वास सहज घ्यावा आणि त्याहून थोडा अधिक वेळ घेऊन सोडावा. सोडताना आपल्या इष्टदेवतेचे नाम मनात उमटू द्यावे. जोर करू नये, श्वास कोंडू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी कुंभकाचा प्रयत्न जाणत्याच्या सल्ल्यावाचून मुळीच करू नये. माळ १०८ मण्यांची आहे म्हणून ती घाईने ओढून संपवणे हा जप नव्हे. अकरा वेळा शांतपणे घेतलेले नाम अधिक हिताचे.

दुसरे दल : आहार, निद्रा आणि विहार

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचे खाणे, फिरणे, काम आणि झोप बेताची आहे, त्याचाच योग दुःख दूर करतो. चरकाचार्यांनीही शरीराला धरून ठेवणारे तीन आधार सांगितले, त्यांत आहारापाठोपाठ निद्रेला स्थान दिले. रात्री उशिरापर्यंत दूरदर्शनसमोर किंवा मोबाईल हाती धरून बसावे आणि मग झोप येत नाही म्हणून देवाला साकडे घालावे, हे उचित नव्हे. ठरलेल्या वेळी निजणे आणि ठरलेल्या वेळी उठणे हाही एक नियम आहे, आणि नियम ही देवाची सेवाच आहे. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळल्यानेही कित्येकांची झोप सुधारते.

उपवासाविषयी येथे विशेष सांगणे आवश्यक आहे. उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे हा उपवासाचा अर्थ. शरीराला शिक्षा करणे हा त्याचा हेतू नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे दर्शनरांगेत उभ्या असणाऱ्या दहा माता-भगिनींपैकी पाच-सहा जणींना रक्तक्षय असू शकतो. जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, सतत थकवा, चिडचिड ही रक्तक्षयाचीही लक्षणे आहेत. तिला ती मनाची दुर्बलता वाटते, घरच्यांना तो आळस वाटतो, आणि उपाय म्हणून ती आठवड्यातील आणखी एक वार धरते. रक्त कमी असताना उपवास वाढवणे म्हणजे गळक्या घागरीतून आणखी पाणी काढण्यासारखे आहे. अशा माउलीने आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि वैद्यांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या श्रद्धेने घ्याव्यात. उपवास करावयाचाच तर नुसत्या साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, दूध, खजूर, फळे यांचा फराळ करावा. एरवीच्या जेवणात पालेभाजी, कडधान्ये असावीत, त्यांवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणापासून तास-दोन तास दूर ठेवावा. लिंबाने लोह अंगी लागण्यास मदत होते आणि चहाने अडथळा येतो. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून उपवास करू नये.

विहाराचे उत्तम उदाहरण म्हणजे पंढरीची वारी. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून माउलींची पालखी निघते आणि दोनशे किलोमीटरहून अधिक वाट चालून वारकरी आषाढी एकादशीस पंढरपुरी असतात. इतके चालूनही वारकऱ्याच्या मुखावर प्रसन्नता कशी, याचे नवल वाटते. वारीचा क्रम पाहिला म्हणजे त्याचे उत्तर मिळते. पहाटे उठणे, टाळमृदंगाच्या लयीत पाऊल टाकणे, ठरावीक अंतरावर विसावा, साधे ताजे जेवण, सायंकाळी समाजआरती आणि कीर्तन, आणि रात्री गाढ झोप. चालणे, गाणे, विसावा आणि सोबत या चारही गोष्टी त्यात आहेत. वारीला जाणे सर्वांना शक्य नाही, परंतु रोज अर्धा तास गावच्या मंदिरापर्यंत पायी जाऊन येणे बहुतेकांना शक्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोजच्या अर्ध्या तासाची ही प्रदक्षिणा पाच दिवसांत तो भरून काढते. उन्हाळ्यात माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि साधा आहार यांवर भर देणाऱ्या निसर्गोपचाराची परंपराही महाराष्ट्रास परिचित आहे. महात्मा गांधींनी १९४६ साली पुण्याजवळील उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले आणि त्यातही त्यांनी रामनामाला स्थान दिले.

औषधी वनस्पतींविषयी मात्र सावधगिरी बाळगावी. अश्वगंधा, ब्राह्मी यांची नावे सर्वतोमुखी आहेत. पण वनस्पती आहे म्हणून ती कुणालाही, कितीही चालते, असे नाही. गर्भवती स्त्रिया, थायरॉईडचे किंवा यकृताचे विकार असणारे आणि झोपेची वा अन्य नित्याची औषधे घेणारे यांनी अश्वगंधा परस्पर घेऊ नये. जाणत्या वैद्याची नाडीपरीक्षा सोडून देवळाबाहेरच्या पथारीवरील पुडी घेणे हे युक्तिव्यपाश्रय नव्हे. त्यात युक्तीच नाही.

तिसरे दल : मनाचे आवरण

शरीराचे कोणते वेग अडवू नयेत, हे चरकाचार्यांनी सांगितले आहे. त्यांची संख्या तेरा आहे. त्यांत मलमूत्र, भूक, तहान, झोप, जांभई यांबरोबर अश्रूंचीही गणना केली आहे. रडू आले तर रडावे, असे एवढा मोठा आचार्य सांगतो. गाभाऱ्यासमोर उभे राहिल्यावर कित्येकांचे डोळे भरून येतात. ते पुसण्याची घाई करू नये. पुरुषांनी तर मुळीच करू नये. लांब रांगेत तहान किंवा लघवी तासन्‌तास रोखून धरणे हीदेखील भक्ती नव्हे. विशेषतः वृद्धांनी आणि मधुमेही भाविकांनी सोबतच्या माणसाला जागा सांभाळण्यास सांगून मोकळे व्हावे. याउलट लोभ, शोक, भय, क्रोध यांचे वेग मात्र आवरावेत, असे तेच आचार्य सांगतात.

ते कसे आवरावेत? पतंजलींनी चार भावना सांगितल्या. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताला पाहून आनंद आणि दुर्वर्तनी माणसाची उपेक्षा. चिंतेची कितीतरी मुळे या चारांच्या अभावात सापडतात. शेजाऱ्याच्या मुलाला परदेशी नोकरी लागली की आपल्या मुलाची काळजी दुप्पट का होते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. या चार भावनांनी चित्ताचे प्रसादन होते, असे पतंजली म्हणतात. प्रसादन म्हणजे निवळणे. गढूळ पाणी स्थिर ठेवले की जसे निवळते, तसे चित्त निवळते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन तापांचे वर्णन केले आहे. देहाचे रोग आणि मनाच्या व्यथा ही दोन्ही त्यांनी एकाच आध्यात्मिक तापात घातली आहेत. शरीर आणि मन यांची त्यांनी फारकत केली नाही. ज्या समर्थांनी मनाला उपदेश केला, त्यांनीच गावोगावी बलोपासनेचा मारुती उभा केला, हे विसरू नये.

नवस, भय आणि औषध

भयापोटी बोललेला नवस चिंता कमी करीत नाही, वाढवतो. आधी कार्य होईल की नाही ही काळजी, मग नवस फेडता येईल की नाही ही काळजी. देव सावकार नव्हे. कृतज्ञतेने वाहिलेले एक तुळशीपत्र त्याला पुरते. कर्ज काढून केलेले दान त्याला मान्य होईल, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. ज्यांना ईश्वरकृपेने दान करणे शक्य आहे, त्यांनी अन्नछत्र, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, भक्तनिवासातील शांत निजण्याची सोय यांसाठी केलेले दान थकलेल्या यात्रेकरूच्या देहात विसावलेल्या देवापर्यंत थेट पोहोचते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, मनाच्या आजारासाठी चालू असलेले औषध देवदर्शन घडले म्हणून कधीही बंद करू नये. अशी कित्येक औषधे लागू पडण्यास काही आठवडे लागतात आणि ती एकाएकी थांबवल्यास त्रास उलटतो. गोळी घेताना मनात संकोच वाटत असेल तर ती श्रींसमोर ठेवून मग घ्यावी, पण घ्यावी. उदासी, भीती किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला, जेवणखाण सुटले, कामात मन लागेनासे झाले, तर वैद्यांकडे जावे. दीर्घकाळच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते, ती तपासणीनेच कळते. छातीत दुखणे, घाम फुटणे, श्वास कोंडणे असे एकाएकी झाल्यास ती चिंताच आहे असे धरून बसू नये; रांग सोडावी आणि त्वरित मदत मागावी. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

जगणे नकोसे वाटते, असे कुणी बोलून दाखवले तर त्याला उपदेश करू नये, एकटे सोडू नये, त्याचे ऐकून घ्यावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. अशा रुग्णाला बांधून ठेवणे, मारणे, धुरी देणे हा अधर्म आहे. मनाच्या आजारावर शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकास दिला आहे, आणि साखळदंडाने बांधण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे. आपल्या घरातील अशा माणसाला देवदर्शनास अवश्य आणावे, पण हात धरून आणावे.

परतीचा प्रसाद

दर्शन घेऊन भाविक परतीच्या वाटेला लागतो तेव्हा त्याच्या पिशवीत लाडू, खडीसाखर, अंगारा असतो. लाडू चार दिवसांत संपतो. चित्ताचा प्रसाद मात्र रोज नव्याने करावा लागतो. नामाने श्वास संथ करावा, अन्न आणि झोप यांनी देह सांभाळावा, मैत्री-करुणेने मन निवळावे आणि गरज पडेल तेव्हा वैद्याला देवाचाच दूत मानून त्याच्याकडे जावे. या त्रिदलाने केलेली पूजा घरोघरी, रोजच्या रोज व्हावी. काळजी करण्याजोगे प्रसंग संसारात येतच राहतील. त्यांना सामोरे जाताना अर्जुनाच्या हातातून निसटलेले गांडीव पुन्हा त्याच्या हाती आले, तसे प्रत्येकाचे गांडीव त्याच्या हाती यावे आणि येथे आलेल्या प्रत्येक भाविकास आज रात्री निवांत झोप लागावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥